अस्वलाला उकडतं

आमचे हे दिवसभर अस्वल असतात. बँकेत, दवाखान्यात, लग्नाकार्यात कुणी विचारलं की यजमान काय करतात, तर मी सरळ सांगून टाकते, अस्वल आहेत म्हणून. लोक हसतात. हसेनात का, मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. माणूस असून अस्वलासारखे वागणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत, आमचं निदान उलट आहे.

मुलांचं एक विज्ञान केंद्र आहे, त्याच्या तळमजल्यावर ध्रुवीय दालन आहे. तिथे आम्ही दोघं काम करतो. थर्माकोलचे हिमनग, निळे दिवे, पंख्यासमोर भुरभुरणारा कापसाचा बर्फ. भिंतीवर अस्वलाच्या शेजारी पेंग्विन रंगवलेत. पेंग्विन राहतात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, त्यांची आणि ह्या अस्वलाची जन्मात गाठ पडायची नाही, पण रंगाऱ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला मला त्या भिंतीबद्दल खुलासा करावा लागतो. शाळांच्या सहली येतात, मुलं सतरंजीवर बसतात, मी माईक घेऊन बोलते आणि हे अस्वलाचं सोंग चढवून मी बोलेन ते करून दाखवतात. त्या सूटला आम्ही सोंगच म्हणतो.

"बर्फात राहणाऱ्या अस्वलाची सगळ्यात मोठी अडचण कुठली?" मी विचारते. पोरं एका सुरात म्हणतात, "थंडी." मी म्हणते, "चूक. उकाडा." इथे सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. मग मी सांगते. ह्याचे केस पांढरे नाहीत, बिनरंगाचे आहेत, आतून पोकळ. कातडी काळी कुळकुळीत. कातडीखाली चांगली चार बोटं चरबी. कान इवलेसे, शेपूट नावापुरती, म्हणजे ऊब निसटायला जागाच नको. बाहेर बर्फाचं वादळ असलं तरी आत अंग तुमच्याआमच्याइतकंच गरम. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर अस्वल जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो फक्त चेहरा आणि नाकातून येणारा श्वास. पण दारं-खिडक्या घट्ट लावून घेतलेल्या घरात कुणी स्वयंपाक काढला तर काय होईल? तसं त्याचं होतं. जरा धावलं की जीव कासावीस. म्हणून ते रमतगमत चालतं, पाण्यात उतरतं, नाहीतर बर्फावर पोट टेकून सपशेल पसरतं.

ह्यांचा भाग असा. आधी वादळ. हे अंगाचं मुटकुळं करून बसतात आणि पंजा नाकावर ठेवतात, कारण नाकातून ऊब जाते. मग वादळ थांबतं, अस्वल सील पकडायला धावतं, चार पावलांत धापा टाकायला लागतं, लाल फेल्टची जीभ बाहेर काढतं आणि धपकन पोटावर पडून हातपाय चहूकडे फेकतं. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडतात. शेवटी अस्वल नाचतं, मुलं येऊन मिठ्या मारतात, खेळ संपतो.

आता खरी गोष्ट सांगते. ह्यांना बोलताना अडखळायला होतं. लहानपणापासून. 'प' आणि 'ब' ही अक्षरं तर ह्यांच्या वाटेत कायम आडवी पडलेली. पाणी हवं असलं तर "जरा ते दे" म्हणतात. आणि मी पडले उतावळी. ह्यांचा शब्द अडकला की तो ओढून बाहेर काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. ह्यांची निम्मी वाक्यं मीच पुरी करते. मी भलतंच पुरं केलं तरी हे मान डोलावतात, कारण पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यापेक्षा ते सोपं. एकदा ह्यांना शेजाऱ्यांकडे बसायला जायचं होतं, मी ते फिरायला असं पुरं केलं, आणि हे मुकाट्याने माझ्याबरोबर नदीपर्यंत फिरून आले.

पूर्वी हे त्याच केंद्राच्या भांडारात होते. सांगाड्यांवरची धूळ पुसायची, ग्रहांमधले दिवे बदलायचे. दिवसच्या दिवस कुणाशी बोलायचे नाहीत आणि घरी आल्यावरही तोंडात गुळणी धरल्यासारखे. मग अस्वलाचं काम करणारा तरुण एका सकाळी आलाच नाही. दालनाच्या मॅडम डोक्याला हात लावून बसल्या, बाहेर शाळा येऊन उभी. हे गेले आणि काही न बोलता सोंग चढवून घेऊन आले. त्या दिवशी हा माणूस नाचला. मी बघत राहिले. आमच्या घरात ह्यांनी कधी पायाने ताल धरलेला मी पाहिला नव्हता. संध्याकाळी घरी येताना शिट्टी वाजवत होते.

तेव्हापासून अस्वल ते अस्वलच. अस्वलाला कुणी नाव विचारत नाही, पत्ता विचारत नाही, "नीट बोला की" म्हणत नाही. पोरं धावत येतात आणि कमरेला मिठी मारतात. ह्यांचा एकच नियम होता, मुलांसमोर सोंगाचं डोकं काढायचं नाही. मरण आलं तरी नाही. "ए-एकदा त्यांनी आत मला पा..." एवढ्यावर हे अडायचे, आणि मी म्हणायचे, "पाहिलं की अस्वल मेलं, कळलं मला."

गेल्या वर्षी रक्तदाब निघाला. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "त्या सूटमध्ये अंगाची उष्णता कोंडते. तुमचं वय आणि हा रक्तदाब बघता एक दिवस हे जिवावर बेतेल. बंद करा." ह्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी अस्वल झाले. मी भांडले. आदळआपट केली, अबोला धरून पाहिला. पण अबोल्याने ह्यांना काय फरक पडणार होता? आणि खरं सांगायचं तर मी पुरता जोर लावलाच नाही. काम सोडलं नाही तर माणूस जाणार, आणि सोडलं तर शिट्टी वाजवणारा माणूस जाणार, भांडारातला परत येणार. ह्यातलं कुठलं निवडायचं ते मला कळेना, आणि मला एखादी गोष्ट कळली नाही की माझा पारा चढतो. त्या दिवसांत मी सगळ्यांवर ओरडत होते.

मी ह्यांच्यासाठी एक जाकीट शिवलं, खिशात बर्फाच्या पिशव्या बसतील असं. त्या पिशव्या एक खेळ टिकायच्या. पाणी प्यायचं म्हटलं तर तिथेही पंचाईत. सोंगाला पाठीत चेन, चढवायला दोन माणसं लागतात, मध्येच लघवीला जायची सोय नाही. म्हणून सोंगात काम करणारी माणसं सकाळपासून पाणी पिणंच तोडतात. सगळेच तसं करतात, हेही करायचे. मी पाण्याचा पेला घेऊन मागे लागले की हे ओठ ओले करून परत द्यायचे.

त्या दिवशी एका शाळेचा खेळ आटपला आणि मॅडम धावत आल्या. दुसऱ्या शाळेची बस वाटेत अडकली होती, मुलं आत्ता पोचली होती, तासाभरात परतायचं होतं. "लागोपाठ दुसरा खेळ जमेल का? नाहीतर नाही म्हणून सांगते, अगदी मोकळेपणाने बोला." मॅडम भल्या बाई आहेत. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पंजाचा अंगठा वर केला. मी म्हटलं, "निदान सोंग तरी काढा दहा मिनिटं, पिशव्या बदलू." ह्यांनी मान हलवली. ओलं झालेलं सोंग एकदा उतरवलं की पुन्हा अंगात जात नाही, चिकटतं, हे मलाही ठाऊक होतं. शिवाय दारात मुलं उभी होती. मी म्हटलं, "मरा मग." असं मी दिवसातून दहादा म्हणते.

दुसरा खेळ सुरू झाला. भिंतीचा खुलासा झाला, थंडी-उकाडा झालं. वादळ बरं पार पडलं. मग धावणं. हे धावले, पण जरा तिरके. मी म्हटलं, "बघा, अस्वल तापलं. आता ते काय करेल?" आणि इथे पोटावर पडायचं, तर हे हळूच खाली बसले, अंगाचं मुटकुळं केलं आणि पंजा नाकावर ठेवला.

मला वाटलं, चुकले. इतक्या वर्षांत हे कधी चुकले नव्हते, म्हणून आधी राग आला, मग गंमत वाटली. माईक माझ्या हातात. मी म्हटलं, "अहो अस्वलराव, तुम्हाला उकडतंय, थंडी नाही वाजत. नाकावरचा हात काढा." मुलं खदखदून हसली. अस्वल हललं नाही. मी म्हटलं, "आमच्या अस्वलाला अभ्यास नको, नुसती झोप हवी." पुन्हा हशा. असा खेळ रंगला की माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. मी अस्वलाभोवती फेरी मारली, त्याला नापास केलं, पालकांना घेऊन ये म्हणून सांगितलं. मुलं हसून गडबडा लोळत होती. मीही हसत होते, पोट धरून.

पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी तिच्या बाईंना म्हणाली, "बाई, बघा ना, ते थंडीने थरथरतं पण आहे. किती छान करतंय."

थरथरणं आमच्या खेळात नव्हतं.

मी माईक ठेवला की टाकला, मला आठवत नाही. गुडघ्यावर बसले आणि सोंगाच्या डोक्याखाली, मानेच्या फटीत हात घातला. इतक्या वर्षांत त्या फटीत मी हजारदा हात घातलाय, नेहमी घामाने निथळत असायची. त्या दिवशी मान कोरडी होती आणि तव्यासारखी तापलेली. मी "अहो" म्हटलं. आतून काहीतरी आवाज आला, शब्द नव्हता तो. समोर चाळीसएक पोरं, हसू अजून तोंडावर, सगळ्यांचे डोळे आमच्याकडे. आणि खोटं कशाला सांगू, एक क्षण मी थांबले. ह्या माणसाने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि तीच मी मोडणार होते. मग मी डोक्याचे बंद तोडले आणि डोकं काढलं.

आतून आमचे हे निघाले. लाल झालेला चेहरा, कपाळाला चिकटलेले चार पांढरे केस, अर्धे मिटलेले डोळे. मी पाठीची चेन ओढत होते आणि ती अडकली होती, आणि मी तिला नको नको ते बोलत होते, मुलांसमोर. त्यांच्या बाई एका उडीत माझ्याजवळ आल्या, दोघींनी मिळून चेन फाडली. मॅडम रुग्णवाहिकेला फोन करत पळाल्या.

"बर्फावर झोपवायला पाहिजे त्यांना," मागून कुणीतरी म्हणालं. "बर्फ कुठे आहे, कापूस आहे तो," दुसरं म्हणालं. "मग फरशीवर. आणि पाण्यात घालायचं." हे सगळं मीच दहा मिनिटांपूर्वी त्यांना शिकवलं होतं, आणि मला स्वतःला त्या घटकेला काही म्हणता काही सुचत नव्हतं. आम्ही ह्यांना सोंगातून ओढून काढलं आणि सतरंजीवरून गार फरशीवर घेतलं. बाईंनी ह्यांना कुशीवर वळवलं आणि मुलांना म्हणाल्या, "बाटल्या आणा." पोरांनी आपापल्या पाण्याच्या बाटल्या आणल्या. लाल, हिरव्या, कार्टूनच्या, गळ्यात अडकवायच्या पट्टीच्या. एकेक जण येऊन ओतत होतं, मानेवर, छातीवर, काखेत, आणि बाजूला होत होतं. कुणी ढकलाढकली केली नाही. काहींनी टोप्यांनी वारा घालायला सुरुवात केली. मी ह्यांचं डोकं धरून बसले होते आणि हे डोळे उघडत नव्हते.

वेण्यांची मुलगी तिची बाटली रिकामी करून माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता ही रडणार. मी म्हटलं, "बाळा, घाबरू नकोस. अस्वल... अस्वल काही मेलं नाही हं." तोंडातून हेच निघालं.

"अस्वल नाहीयेत ते," ती म्हणाली. "आजोबा आहेत."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. अस्वलाच्या पायात बूट थोडेच असतात." आणि ती टोपीने वारा घालायला बसली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. अंग इतकं तापलं की डोकं फसतं, माणसाला उलटी थंडी वाजायला लागते, काही जण पांघरूण मागतात. मी ऐकून घेतलं. मग बाहेरच्या बाकावर बसून एवढी रडले की शेजारच्या अनोळखी बाईने मला स्वतःचा रुमाल दिला. रडून झाल्यावर तो रुमाल परत करावा की धुऊन द्यावा ह्यावर आमची जरा चर्चा झाली.

दुसऱ्या दिवशी ह्यांना नीट शुद्ध आली. पाणी पाजलं, प्याले, अख्खा पेला. छताकडे बघत पडून होते. मी खुर्चीत. सोंग संपलं हे दोघांनाही ठाऊक होतं, मॅडमनी तर ते स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं होतं, कुणी पुन्हा चढवू नये म्हणून. पण मला त्याची धास्ती नव्हती. मला धास्ती होती ह्यांच्या प्रश्नाची. शेवटी तो आलाच.

"मु-मुलांनी..."

"पाहिलं," मी म्हटलं. "डोकं काढलं मी. काढणार नाही तर काय करणार होते? काय बोलायचं ते बोला मला."

हे पुन्हा छताकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मला ख-खरंच थंडी वाजत होती."

"आणि मी हसत होते."

"दिसत होतीस. डोळ्यांच्या जाळीतून." एवढंच. त्यात राग नव्हता, आणि राग असता तर मला फार बरं वाटलं असतं.

"मुलं रडली?"

आता काय सांगायचं? रडली म्हणावं, तर हा माणूस जन्मभर ते उरावर घेऊन बसेल. नाही म्हणावं, तर का नाही ते सांगावं लागेल. म्हणजे असं सांगायचं की अहो, तुम्ही इतकी वर्षं जे जिवापाड सांभाळलंत, ज्याच्यासाठी पाणी तोडलंत, काल प्राण सोडायला निघालात, ते गुपित गुपित नव्हतंच. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ह्या माणसाकडे अभिमानाची ही एकच गोष्ट होती. मी पाण्याचा तांब्या झाकला, उघडला, पुन्हा झाकला. पण खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही, माझं तोंड आधीच सगळं सांगून टाकतं.

"नाही रडली," मी म्हटलं. "त्यांना माहीत होतं. आत माणूस आहे हे. आधीपासून. सगळ्याच मुलांना माहीत असतं म्हणे. तुमच्या बुटांवरून."

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ बघत होते. चेहऱ्यावर काय चाललंय ते मला वाचता येईना, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मला हा चेहरा वाचता येतच नाही, मी नुसता अंदाज ठोकत आलेय.

"म्हणजे ती..." हे म्हणाले.

"म्हणजे ती मुलं तुम्हाला हसत होती असं नाही हो," मी घाईघाईने म्हटलं.

ह्यांनी मान हलवली. नाही. इतक्या वर्षांत मी वाक्य पुरं केल्यावर ह्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. मी गप्प बसले. ओठ दाताखाली धरून बसले. ह्यांचा शब्द 'म'वर अडला, सुटला, पुन्हा अडला. वॉर्डात कुणाचं तरी जेवण आलं, गाडीची चाकं करकरत गेली. मी ओढून काढला नाही तो शब्द.

"म्हणजे ती म-मला मिठी मारायची," हे म्हणाले. "मला."

मी हो म्हटलं.